नवऱ्याचं म्हणणं

घानाच्या कोकोच्या मुलखात गावप्रमुखाशी कुणी थेट बोलायचं नसतं. आपलं म्हणणं प्रमुखाच्या बोलक्याच्या, न्यार्कोच्या, कानात सांगायचं. मग हातातली मानाची काठी सावरत, त्या बोलण्यातलं विष काढून तो ते सभेपुढे मांडणार. गावातल्या कितीतरी काडीमोडांच्या अटी त्याने अशाच चार वाक्यांत बसवल्या होत्या.

आज काडीमोड त्याचाच होता. बोलका दुसरा कुणी नव्हता, म्हणून काठी त्याच्याच हातात राहिली.

त्याची बायको सेरवा त्याच्या कानाशी न जाता तिथूनच कडाडली, "सांगा प्रमुखांना! या माणसाने जन्मभर गावाची गाऱ्हाणी घरी आणली. स्वतःचा एक शब्द बोलेल तर शपथ!"

न्यार्कोने घसा साफ केला आणि आधी ठरलेल्या अटी मांडल्या. "बाई म्हणते, घर नवऱ्याचं. तिने लावलेली कोकोची बाग तिची. मुलं मोठी झालीत, ती दोघांची. भांडण नाही."

"माझं तेवढंच गाळलंत!"

"अगं, गाळणं हेच तर त्याचं काम," एक म्हातारी खिदळली.

प्रमुखाने विचारलं, "आणि नवऱ्याचं काय म्हणणं?"

सेरवाने मान वर केली. ती वाट बघत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

न्यार्को सवयीने ऐकायला बाजूला वळला. बाजूला कुणीच नव्हतं.

"नवऱ्याचं काही म्हणणं नाही."

मग रिवाजाप्रमाणे त्याने तिच्या खांद्यावर पांढरी माती लावली, आणि ती मोकळी झाली.

संध्याकाळी घरी येऊन त्याने काठी भिंतीला टेकवली. विझलेल्या चुलीसमोर तो उभा राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "नवरा म्हणतो, जाऊ नकोस."