कोपरा कापला तरी एकशे चाळीस

आज दुकानात तारेच्या जाळीचं भेंडोळं उलगडलं आणि त्या लोखंडी वासाने वीस वर्षांपूर्वीचा किनवटचा शनिवार आठवला. हजर होतो आम्ही चोवीस जण: माझी बायको, आश्रमशाळेतल्या तिच्या सातवीच्या बावीस मुली आणि हिशोबाला पक्का म्हणून मी.

शाळेची परसबाग चाळीस बाय तीस फुटांची. एका कोपऱ्यात दहा बाय आठची पाण्याची टाकी, ती कुंपणाबाहेर ठेवायची होती. मी म्हणालो, “परिमिती एकशे चाळीस. कोपऱ्याचे अठरा वजा. एकशे बावीस फूट जाळी आणतो.” जाळी कमी पडली असती, तर मुलींची वांगी शेळ्यांनी खाल्ली असती.

कमल नावाची मुलगी उठली. “तसं न्हाई, सर. दोन बाजू गेल्या, पर टाकीच्या कडेनं तेवढ्याच दोन आत आल्या की.”

मी हसलो. बायकोने कोण चूक ते सांगितलं नाही. मुलींना दोरी देऊन म्हणाली, “मोजा. एक टोक सरांना द्या.”

“सोडू नका बरं, सर,” कमल म्हणाली.

दोरी भरली बरोबर एकशे चाळीस फूट.

तेव्हा माझे कान तापले होते. आज तोच प्रसंग मी पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, की माझी बायको असं शिकवायची.

त्या शनिवारी मात्र दंड म्हणून दोन किलो शेंगदाण्याची चिक्की आणून मी कमलच्या हाती दिली.