शेटे मॅडमचे निळे ड्रम

शेटे मॅडम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि बसायच्या आधी सरळ मोरीकडे गेल्या. तिथे आमची पाण्याची भांडी होती. एकेका भांड्याचं झाकण उचलून त्यांनी आत डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि मगच बाहेर येऊन खुर्चीवर टेकल्या. सासूबाईंनी चहा होईपर्यंत कसाबसा दम धरला. मॅडम गेल्याबरोबर त्या म्हणाल्या, "कोन गं ही बाई? लोक पोरगी बघायला येत्यात, ही रांजन बघायला आलती!"

ही त्यांची सवयच होती. बारसं असो, सत्यनारायण असो, कुणाच्या दुखण्याला भेटायला गेलेल्या असोत, आधी पाणी कशात भरलंय ते बघायचं. लोकांना राग यायचा. आमच्याकडे पाणी ही झाकून ठेवायची गोष्ट. किती आहे, कशात आहे, हे परक्यानं उघडून बघू नये. मॅडमना हे कळत नसेल असं मला सुरुवातीला वाटायचं. कळत होतं, पण त्या तरीही बघायच्या.

मी तेव्हा आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. केजच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, एका उघड्या माळावर कारखाना होता. माझ्या खोलीला लागून मॅडमची खोली. कारखान्यातून निघणाऱ्या घातक कचऱ्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. गिरणीच्या गिअरांतलं जळकं काळं तेल, प्रयोगशाळेत रस तपासल्यावर उरणारा शिशाचा गाळ, आणि रसायनांचे रिकामे झालेले निळे ड्रम. हे सगळं वेगळं ठेवायचं, कुलपात ठेवायचं आणि सरकारमान्य ठिकाणचा ट्रक आला की त्याच्याच हवाली करायचं, असा कायदा होता. कारखान्याच्या पार मागच्या कुंपणाशी पत्र्याची शेड बांधून त्यांनी तिच्यावर पिवळी पाटी लावली. पाटीवर कवटी होती. कामगार त्या शेडला 'म्याडमचं मसण' म्हणायचे.

ड्रम रिकामा झाला की मॅडम स्वतः तिथे जाऊन उभ्या राहायच्या आणि पहारीनं त्याच्या बुडाला भोक पाडून घ्यायच्या. कामगार टाळाटाळ करू लागला तर पहार स्वतःच उचलायच्या. पदर खोचून, दोन्ही हातांनी. "धुतला की झाला साफ, म्याडम," असं कुणी म्हटलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "रिकामा दिसतो म्हणून रिकामा नसतो. प्लास्टिक पितं. आपण विसरतो, ते विसरत नाही."

मॅडम साताऱ्याकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. नदीकाठच्या गावातून आल्यामुळे त्यांच्या बोलण्यात पाणी फार यायचं. 'आमच्या घाटावर', 'पुलाखाली', 'पूर आला तेव्हा'. आधी लोक कौतुकानं ऐकायचे. मग दुष्काळ पडला आणि तेच बोलणं त्यांना टोचायला लागलं. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं, कारण पुढे त्यांनी गावाचं नावच घेणं सोडलं.

त्या दुष्काळात विहिरी आटल्या, बोअरमधून नुसती हवा यायला लागली. नेकनूरपासून आमच्यापर्यंत सगळ्या गावांना टँकर. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आला की जे मिळेल ते भरून ठेवायचं. त्यामुळे ज्याच्या घरी मोठं भांडं तो राजा. आणि त्या भागात मोठं भांडं म्हणजे कारखान्याचा निळा ड्रम. पूर्वीपासूनची रीतच होती. संचालकाची चिठ्ठी आणायची आणि सभासदानं ड्रम घेऊन जायचं. मॅडमनी ती रीत मोडली होती आणि तीही नेमकी दुष्काळाच्या तोंडावर.

माझ्या सासूबाईंनीही मला सांगून पाहिलं. "तुजी मैतरीन हाय ना ती? एक डरम माग. न्हाई म्हनंल व्हय तुला?"

मी मागितला. मॅडम नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जीपमधून त्यांनी आमच्या घरी एक स्टीलचं मोठं पिंप पाठवलं. त्यांच्या क्वार्टरमध्ये गव्हाचं म्हणून होतं ते. गहू त्यांनी जुन्या साडीत बांधून ठेवले होते, ते मी नंतर पाहिले. सासूबाईंनी पिंप घेतलं, पण त्या म्हणाल्या, "डरम मोठा असतोय."

बाई एवढी हट्टी का, याचं उत्तर लोकांनी आपापसात शोधून काढलं होतं. म्हणे, त्यांचा धाकटा भाऊ फवारणीच्या औषधाच्या डब्यातलं ताक पिऊन लहानपणीच गेला. मलाही ते खरं वाटलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी अवघडत विषय काढला. त्या हसल्या.

"भाऊ आहे मला. चांगला जाडजूड आहे," त्या म्हणाल्या. "असं काही झालं नाही गं रेखा. सगळ्यांना वाटतं, घरात कुणीतरी मेल्याशिवाय बाई एवढी कशाला भांडेल? मी नियम वाचला. मला पटला. बस्स, एवढंच."

मग त्यांनी डब्यातली पोळी दुमडली. "कुणी मेलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं का?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

उन्हाळ्यात मॅडम आईच्या आजारपणासाठी गावी गेल्या. तेवढ्यात एका संचालकानं शेडचं कुलूप तोडायला लावलं. भोक पाडायचे राहिलेले ड्रम ट्रॉलीत भरले आणि लिंबागणेशच्या पलीकडच्या एका वस्तीवर वाटून टाकले. मॅडम परत आल्या, शेड पाहिली, आणि थेट चेअरमनच्या केबिनमध्ये गेल्या. आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता.

"दुष्काळ हाय, म्याडम. लोकं पान्याबिगर मरायलीत, आन् तुमी डरम धरून बसल्या!"

"म्हणूनच साहेब. एवढं कष्टानं मिळवलेलं पाणी त्यांनी त्यात ओतायचं?"

"मंग काय करता? घरोघर जाऊन आनता का वापस?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मला सोबत घेतलं. म्हणाल्या, "माझी भाषा ऐकली की बायका दार लावतात. तू बोल." जीप वस्तीवर पोहोचली तेव्हा ऊन तापलं होतं. पहिल्याच घरासमोर निळा ड्रम होता, वर फडकं बांधलेलं. कौसाबाई नावाची बाई दारात शेण्या थापत होती. मेंढरं राखणाऱ्या घरची. मी तिला समजावून सांगितलं, की यात आधी विषारी औषध होतं, कितीही धुतलं तरी ते पाण्यात उतरतं, आज नाही तर उद्या पोरांना बाधेल.

ती हात न थांबवता म्हणाली, "वास न्हाई येत."

"वास नसतो त्याला," मॅडम म्हणाल्या.

कौसाबाईनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बाई, तुमी कावून आल्या? डरम न्यायला? न्या. पन मला सांगा, सांच्याला टँकर येनार हाय. पानी कशात ठिवू? पदरात?"

मॅडमनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नियमात याचं उत्तर नव्हतं. त्या तिथेच, शेणानं सारवलेल्या ओट्यावर बसल्या. कौसाबाईनं त्यांना पाणी विचारलं आणि ते त्याच ड्रममधलं असणार हे लक्षात आल्यावर ती स्वतःच ओशाळली. मग मॅडम उठल्या आणि ड्रम तिथेच सोडून जीपमध्ये बसल्या. मला वाटलं, हरल्या.

जीप त्यांनी सरळ तालुक्याच्या दूध संघाकडे घ्यायला सांगितली. वैरण नसल्यानं लोकांनी जनावरं छावणीत नेली होती, काहींनी विकली होती. संघात दूध येणं जवळजवळ थांबलं होतं. शीतकरण केंद्राच्या मागच्या पडवीत अ‍ॅल्युमिनियमचे कॅन छतापर्यंत रचून ठेवलेले. येता-जाता मॅडमनी ते पाहून ठेवले होते. तिथल्या व्यवस्थापकानं हजार कारणं सांगितली. मॅडम त्याच्या टेबलासमोरून हलल्या नाहीत. शेवटी, "हरवलं-चेपलं तर तुमच्या अंगावर," असं म्हणून त्यानं होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॅन घेऊन वस्तीवर गेलो. ड्रमच्या बदल्यात कॅन. भांडणं झाली. ड्रममध्ये जेवढं मावतं तेवढं कॅनमध्ये मावत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. काहींनी बदलून घेतले, काहींनी ड्रम कडब्यात लपवले आणि आमच्याकडे नव्हताच म्हणाले. कौसाबाईनं मात्र आपला ड्रम स्वतः गडगडत आणून जीपला लावला. वर म्हणाली, "काल तुमी हिसकून न्हाई नेला म्हनून देते."

त्यानंतर मॅडमशी लोक बोलेनासे झाले. संचालकाचा अपमान झाला होता, त्यामुळे साहेब लोक दुरून जायचे. कॉलनीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. वस्तीवर तर उलटंच बोललं जाऊ लागलं: "आमी वापरला डरम महिनाभर. झालं का काय कुनाला? न्हाई ना!" मॅडमपर्यंत ते पोहोचायचं. "नाही झालं," त्या म्हणायच्या, "देवाची कृपा." पण संध्याकाळी त्या क्वार्टरच्या पायरीवर एकट्याच बसलेल्या दिसायच्या. दिवा न लावता. मी जाऊन बसले तर सरकून जागा द्यायच्या.

पुढच्या वर्षीही पाऊस आला नाही. उभा ऊस चाऱ्याला गेला. गळीत हंगाम सुरूच झाला नाही. कारखाना बंद पडला. आम्हाला घरी बसवलं. कॉलनी रिकामी व्हायला लागली. टेम्पोंत संसार भरले गेले, मुलांनी भिंतींवर लिहिलेली नावं तशीच राहिली. मला केजला एका पतसंस्थेत काम मिळालं. मॅडमना मी विचारलं, "तुम्ही कधी निघताय?"

"शेडमधला माल गेला की."

माल जायचा तर ट्रक यायला हवा, आणि ट्रकचं भाडं द्यायला कारखान्याकडे काही नव्हतं. निदान तसं सांगितलं जात होतं. मॅडम थांबल्या. त्यांना तिथे थांबवणारं कुणी नव्हतं आणि जा म्हणणारंही कुणी नव्हतं. गेटवर एक म्हातारा वॉचमन आणि आत त्या. मोबाइलला रेंज यायची नाही, म्हणून त्या रोज दुपारी मागच्या टेकाडावर चढून चेअरमनला फोन लावायच्या. हळूहळू चेअरमननी त्यांचा फोन उचलणं सोडलं.

मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचे, फाट्यावर उतरून चालत. चिमणीतून धूर नाही, मळीचा वास नाही, ऊस टाकायच्या गव्हाणीत धूळ. माझी चाहूल लागली की त्या बाहेर यायच्या आणि बोलायला लागायच्या. न थांबता. माकडं आली होती, शेडच्या पत्र्याला छिद्र पडलंय, काल स्वप्नात भोंगा वाजला. मग एकदम थांबून म्हणायच्या, "मी फार बोलते का गं?" एकदा मी चिडून म्हटलं, "मॅडम, सोडा ना. कुणाचं काय अडलंय? द्या कुलूप लावून आणि चला."

"कुलूप किती दिवस टिकतं, तू पाहिलंस ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी गेले की ती तेलाची पिंपं खाली ओतून पत्रा विकतील. खाली विहीर आहे. आज कोरडी आहे, उद्या भरेल."

शेवटी कारखाना भाड्यानं चालवायला द्यायचं ठरलं. घेणाऱ्या पार्टीनं माळ बघितला, शेड बघितली आणि सांगितलं, हे मसण आधी उचला, मग सही. आठवड्याच्या आत ट्रक ठरला. मॅडमनी इतके महिने जे मागितलं ते परक्या माणसाच्या एका वाक्यानं झालं. पार्टी आपली माणसं घेऊन येणार होती. मॅडमना कुणी राहा म्हणालं नाही.

त्यांचा मला फोन आला. "रेखा, उद्या ये. ट्रक येतोय. कुणीतरी बघायला पाहिजे."

मी रजा टाकून गेले. पुण्याकडून आलेले हातमोजे घातलेले हमाल पिंपं चढवत होते. मॅडम प्रत्येकाचं झाकण घट्ट आहे का ते हातानं तपासत होत्या. ड्रायव्हरला त्यांनी बजावलं, "घाटात हळू. हे सांडलं तर उचलता येत नाही." ट्रक धूळ उडवत गेटबाहेर गेला. वॉचमननं गेट लोटलं. मॅडम रिकाम्या शेडमध्ये गेल्या, झाडू घेतला आणि फरशी कोपऱ्यापासून झाडून काढली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. माझं काम आहे." झाडून झाल्यावर दारात उभ्या राहिल्या. चेअरमनचा, ऑफिसचा, कुणाचा तरी फोन येईल असं मला वाटत होतं. पण तिथे रेंजच नव्हती.

फाट्यापर्यंत मी त्यांची एक बॅग घेतली. एसटी गच्च भरलेली आली. "येत जा," मी म्हटलं. "तू पण ये," त्या म्हणाल्या. कुठे, ते दोघींनाही माहीत नव्हतं. त्या चढल्या, गर्दीत आत सरकल्या, आणि दांडी धरलेले एवढे हात होते की त्यातला त्यांचा कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली.

फाट्यावर एक वडापवाला जीप लावून प्रवाशांची वाट पाहत होता. त्यानं विचारलं, "कोन वो त्या बाई?"

"कारखान्यातल्या मॅडम."

"काय काम करायच्या?"

मी म्हटलं, "कारखान्याचा विषारी कचरा होता. तो नीट जावा म्हणून थांबल्या होत्या."

"आसं?" तो म्हणाला. "मंग गेला का?"

"गेला."

"सगळा?"

"सगळा," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, तोंडातली तंबाखू थुंकली आणि केजला जाणाऱ्यांसाठी हाक द्यायला लागला.