जिभेला काहीच झालं नव्हतं

"अक्का, महिन्याभरात हिचं तमिळ सुटलं पाहिजे," माधवराव म्हणाले. "परीक्षक येणार, वर्गासमोर लेसन घ्यायचाय. हिची तर दातखीळ बसते."

'ही' म्हणजे त्यांची मुलगी यमुना. बी.एड.चं शेवटचं वर्ष. लेसन म्हणजे परीक्षकासमोर खऱ्या मुलांना शिकवून दाखवायचं. ते जमलं नाही तर डिग्री नाही. माधवराव हेडमास्तर होऊन रिटायर झालेले, तंजावरात आमच्याच राजवाड्यामागच्या गल्लीतले. मी स्पीच थेरपिस्ट. तोतरं बोलणं, पॅरालिसिसनंतर गेलेली वाचा, हे माझं काम.

यमुना मान खाली घालून बसली होती. मी काहीही विचारलं की उत्तर वडील द्यायचे.

मी तिच्यापुढे तमिळ धडा ठेवला, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि माधवरावांना घेऊन बाहेर गेले. नंतर ऐकलं तर पोरगी सुरेख वाचत होती. तमिळमधला जो उच्चार आम्हा मराठी लोकांच्या तोंडात बसत नाही म्हणून शाळेत चिडवायचे, तोसुद्धा लख्ख. मग तोच धडा आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंसमोर वाचायला लावला. मानेवर लाल चट्टे उठले, तळवे घामाने भिजले, दुसऱ्या ओळीला आवाजच गेला.

म्हणजे वाचा शाबूत. अडचण समोर माणूस असण्याची.

वडिलांना बाहेर बसवून मी तिच्याशी बोलले. हळूहळू सांगायला लागली. पापनाशम गावाला जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरला 'थांबवा' म्हणावं लागू नये म्हणून दुसरं कोणी उतरेल तिथे उतरते आणि उन्हात मागे चालत येते. चारचौघांत खात नाही. फोन करायचा तर वाक्य आधी पाठ करते, आणि तरी करत नाही. कोणाशी दोन शब्द बोलली की त्यांना काय वाटलं असेल, हेच पुढे कित्येक दिवस डोक्यात दळत बसते. हे सगळं शाळेपासून.

"मला कळतं मॅडम, कोणी मला खाणार नाही. पण अंग ऐकत नाही."

"घरी सांगितलंस?"

"सांगायला बोलावं लागतं ना."

याला सोशल अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. लोक आपल्याला जोखतायत, हसतायत, ही भीती इतकी की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. यावर उपचार आहेत. पण ते मानसोपचाराचे, माझे नाहीत.

इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचा मला आधी संताप आला. मग कळलं, आम्हा तंजावरी मराठ्यांकडे कारण तयारच असतं. शाळेत बोलली नाही, तर घरची भाषा मराठी, तमिळ कच्चं असणार. पुण्याचे पाहुणे आले आणि बोलली नाही, तर आमच्या मुलांना मराठी कळतं पण बोलता येत नाही. कॉलेजात बोलली नाही, तर इंग्लिशला घाबरते. पोरगी तीन भाषांच्या आड लपत राहिली आणि प्रत्येकाने तिला मोठ्या मनाने समजून घेतलं. आठवलं की आजही जीव जळतो.

"सायकिॲट्रिस्टकडे न्या," मी माधवरावांना म्हटलं. "लेसन पुढे ढकलू."

"पैत्यम म्हणताय पोरीला?" पैत्यम म्हणजे वेड. "अहो, लाजते ती. आपल्यात मुली लाजतातच. हे बाहेर कळलं तर लग्न कोण करेल?"

"लग्नाचं राहू द्या. ती आजारी आहे."

"तुम्ही उच्चार तेवढे बघा."

यमुनाला विचारून मी तिच्या प्रिन्सिपलना फोन केला. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "पुढची तारीख देते. पण विद्यार्थिनीने स्वतः येऊन सांगायचं, नाहीतर पालकांनी. नियम आहे."

पालक जाणार नव्हते. यमुना गेली, केबिनबाहेर उभी राहिली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा तेच. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाली, कारण मग दोघींसमोर बोलावं लागलं असतं. ज्या आजारासाठी सवलत हवी होती, तो आजारच तिला सवलत मागू देत नव्हता. मी हात टेकले.

लेसनच्या दिवशी ती साडी नेसून, रात्रभर जागून काढलेले तक्ते घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेली. तिथून मागे फिरली. डिग्री राहिली ती राहिलीच.

आता तिला घरबसल्या डेटा एंट्रीचं काम मिळालंय. कॅमेरा बंद, बोलायचं नाही. घरचे खूश आहेत. माधवराव रस्त्यात भेटले की सांगतात, "मजेत आहे. खोलीबाहेर येतसुद्धा नाही."

परवा त्यांच्याकडे गेले होते. माझा आवाज ऐकून ती वर निघून गेली. एका माझ्याशी बोलायची, तेही संपलं.

लाजाळू कोण आणि आजारी कोण, हे ओळखायचं कसं, असं आईबाप मला विचारतात. सोपं आहे. पाहुणा थोडा वेळ बसला की लाजाळू मूल दारातून डोकावतं. मी कॉफी घेतली, मुद्दाम आणखी एक मागितली, दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. जिन्यावर पाऊल वाजलं नाही.