धोंडूकाकांना हवे असलेले फोन

कर्जवाल्यांचे, विमावाल्यांचे फोन लोकांना नको असतात. आमच्या लालबागच्या चाळीतल्या धोंडू तावड्यांना ते हवे असत. मुलाने एकदा १९०९वर मेसेज करून ते बंद केले, तर म्हाताऱ्याने जेवण सोडलं आणि परत चालू करून घेतले.

त्याला कारण होतं. काकांनी लोअर परळच्या एका ऑफिसात लिफ्टमन म्हणून जन्म काढला. कोणीही यावं, डाफरावं आणि यांनी 'येस सर' म्हणावं. निवृत्त झाल्यावर घरातही कुत्रं विचारेना. मग शेजारच्या स्पृहाने एका मैत्रिणीचं म्हणून त्यांना सांगितलं, की फोन करणाऱ्या मुलींना स्वतःहून फोन ठेवता येत नाही. ठेवला किंवा उलट बोलली तर नोकरी जाते. झालं! काकांना आयुष्यात पहिल्यांदा असं माणूस मिळालं, ज्याला त्यांचं ऐकून घ्यावंच लागे.

संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून ते स्पीकर लावत. पलीकडची मुलगी "सर, सर" करत रडकुंडीला आली की गॅलरी हसे. सगळ्यांत मोठ्याने हसे स्पृहाची आई, बकुळा. मुलगी बँकेत ऑफिसर झाली म्हणून तिने साऱ्या चाळीत पेढे वाटले होते.

गेल्या गुरुवारी फोन वाजला. "नमस्कार सर, मी निशा बोलतेय, पर्सनल लोनसाठी..."

नाव निशा असेल, आवाज स्पृहाचा होता. याच गॅलरीत आम्ही तो लहानाचा मोठा होताना ऐकलाय. बकुळाचा तांदूळ निवडणारा हात थांबला. पोरगी रोज बँकेत नाही, कॉल सेंटरला जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काकांनीही ओळखलं. लाज असती तर फोन ठेवला असता. पण समोर माणसं बसली होती. "काय वो वहिनी, तुमची स्पृहा तर नाय ना ही?"

"शी, काहीतरीच काय भावजी! माझी पोरगी बँकेत आहे."

"मग ठीक." आणि काका मालवणीत पोरीच्या आईवरच सुटले. "काय गो, तुझ्या आवशीन तुका ह्यांच शिकयल्यान? फोनार भीक मागूक? लाज नाय तुझ्या आवशीक?"

पलीकडची पोरगी पाठ केलेल्या सुरातच म्हणाली, "सर, फोन नको असतील तर मी तुमचा नंबर यादीतून काढायला सांगते."

म्हातारा बकुळाकडे बघून हसला. इतका नासका माणूस मी दुसरा पाहिला नाही. "काय वहिनी, सोडू हिला?"

एक 'हो' पुरला असता. पण शेजारणी तोंडाकडे बघत होत्या, आणि त्या बाईला पोरीपेक्षा शेजारणी मोठ्या वाटल्या.

"मला काय विचारता? माझी कोण लागते ती? चालू द्या तुमचं."

फोन स्पीकरवरच होता. पलीकडून आवाज आला, "ओके, मॅडम."