आधी चीक, मग शेक

आजवर किती कोकरं जगवली असं पेडगावच्या भिवराबाईला विचारलं, तर आकडा तिच्याजवळ नसतो. गेलेल्यांचा असतो. बहात्तर सालच्या मार्गशीर्षात अकरा, हे ती लगेच सांगते; कोणतं कोणत्या मेंढीचं तेही.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नवरा येडबा मोठा कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात गंगाखेडच्या अंगाला गोदावरीकाठी गेलेला. गाभण मेंढ्या एवढ्या चालल्या नसत्या. त्या घेऊन भिवराबाई, तिची सासू कासाबाई आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक कमल अशा तिघी गावात राहिल्या. मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका हाताला लागायचा.

कोकरं जन्मायची तेव्हा बरी असायची. धडपडत उठायची, आईच्या कासेकडं तोंड न्यायची. भिवराबाई त्यांना ओढून बाजूला बांधायची. मेंढीचा जार, म्हणजे वार, पडेपर्यंत कोकराला पाजायचं नाही, ही घरची रीत. आधी पाजलं तर जार वर चढतो आणि मेंढी दगावते, असं ती नवी नवरी असताना कासाबाईनं शिकवलेलं. अंगानं भरलेल्या मेंढीचा जार दोन-तीन तासांत पडतो. त्या साली पहाटे व्यालेलीचा पडायला दुपार व्हायची. तोवर कोकरू मान टाकायचं. भिवराबाई त्याच्या तोंडात बोट घालून बघायची, आत गार लागलं की उचलून चुलीपाशी न्यायची. ऊब लागली की कोकरू डोळे उघडायचं, पाय झाडायचं आणि तिच्या मांडीवरच ताठ व्हायचं. गारठ्यात तग धरलेलं पिल्लू उबेत का मरतं, हे तिला कळत नव्हतं.

"कुनाची तरी नजर लागली," कासाबाई म्हणायची.

अकरावं कोकरू गेलं त्या सकाळी दिनकरराव आले. परभणीच्या कॉलेजातले हे ढोरांचे डॉक्टर दुष्काळातली जनावरं बघत गावोगाव फिरत होते. मेंढ्यांच्या वाडग्यात त्या वेळी दोन कोकरं पडलेली होती. एक मेलेलंच जन्मलेलं, दुसरं चुलीपाशी गेलेलं. दोन्ही फाडून बघू का, असं त्यांनी विचारलं.

"मेल्यालं आनखी किती मारता, साहेब?" कासाबाईनं टोमणा मारला.

"उरलेल्यांसाठी, आजी." मग ते भिवराबाईकडं वळले. "मावशी, तुम्ही तिकडं बसा. बघवणार नाही."

"बघू द्या. जलमतानी बी म्याच बघितली."

ती शेजारी उकिडवी बसली. मेलेलंच जन्मलेल्या कोकराच्या गुर्द्यांभोवती तपकिरी चरबी होती, फार नाही, पण बोटानं चेपता येईल एवढी. चुलीपाशी गेलेल्याच्या गुर्द्यांभोवती नुसता काळपट, बुळबुळीत थर उरला होता. त्याचं पोटही रिकामं, दुधाचा थेंब नाही.

"याची चरबी कुठं गेली?"

"जळाली," दिनकरराव म्हणाले. "कातडीला गार लागलं की नसांमधून मेंदूला सांगावा जातो. मेंदू दुसऱ्या नसांमधून या चरबीला सांगतो, पेट. मग ती जाळ-धुराशिवाय जळते आणि अंग आतून तापवते. आईनं पोटातच बांधून दिलेली शिदोरी आहे ही. दूध मिळालं नाही तर काही तासांत संपते. यंदा तर आयाच उपाशी, शिदोरी मुळातच थोडी."

"मंग चुलीपाशी नेल्यावर तर तरतरी येती की."

"येते. ऊब लागली की अंग जागं होतं आणि खायला मागतं. रक्तात द्यायला काही नसतं. मेंदूच उपाशी पडतो. एवढं गार पडलेल्याला आधी चीक, मग शेक."

भिवराबाईनं दोन्ही कोकरांच्या गुर्द्यांना बोट लावून बघितलं.

"म्हंजे मेल्यालं जलमलं त्याची तशीच ऱ्हायली. जे जगाया बघत व्हतं त्यानं जाळली."

"हो."

"अन् म्या त्याला बांधून ठिवलं."

दिनकररावांनी सुरी पुसून ठेवली. हात धुताना एवढंच म्हणाले की पिल्लू कासेला लागलं तर जार उलट लवकर पडतो. कमलला आठवा लागलेला होता, म्हणून भिवराबाईनं विचारलं, "मानसाच्या लेकराला बी आसती का ही चरबी?"

"असते. मानेखाली, दोन्ही खांद्यांच्या खवाट्यांमधे. नुकतं जन्मलेलं मूल थंडीनं कुडकुडताना पाहिलंय कधी?"

तिनं आठवून बघितलं. पाहिलं नव्हतं.

पुढच्या मेंढीचं कोकरू तिनं बांधलं नाही. कासाबाई जाराकडं डोळे लावून बसली. तासाभरात तो पडला. त्यानंतरची कोकरं राहिली. एक कोल्ह्यानं नेलं, ते ती यात धरत नाही.

पौषात, दिवस भरायला तीन आठवडे असताना, कमल सकाळीच बाळंत झाली. उत्तरेकडून बोचरा वारा सुटलेला. मुलगी झाली, दोन ओंजळींत मावेल एवढी. रडली ती मांजराच्या पिल्लासारखी. कासाबाईनं नाळ कापली, बाजेखाली निखारे सरकवले आणि गुळाच्या पाण्यात चिंधीची वात भिजवली.

भिवराबाईनं मुलीच्या तोंडात करंगळी घातली. तोंड गार लागलं.

"आत्याबाई, गूळपानी ऱ्हाऊ द्या. हिला आईचं पाजायचं."

"पिवळं दूध? तीन दिस ते पिळून टाकायचं आसतंय. लेकराला मेंढरू समजायलीस का?"

"हिला बी गारच लागायलंय."

"तुला म्या पाजू दिलं व्हतं का? तुजी लेकरं न्हाई वाढली?"

"पाचातली दोन ऱ्हायली, आत्याबाई."

कासाबाईच्या हातातली वात तशीच ठिबकत राहिली.

"माय," कमल बाजेवरून म्हणाली, "मरंल का गं ती?"

भिवराबाईनं लेकीची चोळी सोडली, मुलगी उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि दोघींवर घोंगडी ओढली. मुलीला ओढता येईना. मग कोकरांना पाजायचं चोचीचं बोंडलं राखेनं घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि कमलचा दाट पिवळा चीक त्यात पिळला. थेंब ओठांवर सोडायचा, ती गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. मुलगी कुडकुडत नव्हती, हलतही नव्हती. बाहेरून कळावं असं काही नव्हतं. मानेखाली कुठंतरी ती चरबी जळत असेल, ती संपायच्या आत पोटात काही पोचलं पाहिजे, एवढंच भिवराबाई धरून होती. मुलीचे पाय तिच्या मुठीत होते. निळसर, गार.

दुपार कलली तशी मुलीनं एकदम मान वळवली आणि स्तन पकडला. कमल कळवळून ओरडली, मग हसायला लागली. थोड्या वेळानं घोंगडीखालून ओला, कोमट डाग पसरला.

"नासली घोंगडी!" कासाबाई पुढं सरकली. तिनं मुलीचे तळपाय आपल्या गालाला लावून बघितले, एक आणि मग दुसरा. "तापलीया की गं ही. अन् सोडंना बी. वढायलीय कशी बग, आवदसा!"

"तुमच्यावरच गेली," भिवराबाई म्हणाली.

"मंग काय!" कासाबाईनं गुळाच्या पाण्याची वाटी उचलली, क्षणभर घुटमळली आणि स्वतःच पिऊन टाकली. दुष्काळात गूळ वाया घालवायचा नसतो.

भिवराबाईच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिनं रेशनवरच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकर घेतली, दाराशी उन्हात बसली. अर्धी खाल्ली आणि बसल्या जागी चौकटीला टेकून झोपली. वाडग्यात मेंढ्या ओरडायला लागल्या. बाळंतीण बघायला आलेली कमलची मावशी तिला उठवायला गेली ती दारातूनच परत फिरली, कारण कासाबाई तोंडावर बोट ठेवून मेंढ्या सोडायला स्वतः निघाली होती.