कोरड्या तळ्याकाठची बालवाडी

बालवाडीच्या बायका मीटिंगला बीडला जमल्या, की चहाच्या वेळी बोलणं पोरांवर येतंच. एकीनं सुरू केलं की दुसरीला आठवतं. माझ्याकडचे किस्से मी कधी मुद्दाम जपले नाहीत, तळ्यात गाळ बसत जातो तसे ते बसत गेले. मी सांगते तेव्हा सगळ्या पोट धरून हसतात, मीही हसते. पण खरं सांगते, ते घडत होते तेव्हा मला हसू आलं नव्हतं. हातपाय गार पडले होते.

आमचं गाव बीडहून येताना पालीच्या अलीकडे. पाऊस नसलेली ती लागोपाठची वर्षं. जनावरं चारा छावणीवर गेली, दूध संस्थेचं संकलन घटलं आणि संस्थेची एक खोली रिकामी पडली. चेअरमन आबासाहेबांनी त्या खोलीत बालवाडी काढली. मी ताई, आणि मदतनीस म्हणून कौसामावशी. आबा मनानं वाईट नव्हते. पण आवाज असा, की त्यांनी गेटवर कुणाला हाक मारली तरी आत माझ्या हातातला खडू पडायचा.

त्यात मला एका ट्रेनिंगला पाठवलं. तिथून चित्रांच्या पुस्तकांचा एक सेट घेऊन आले, सगळा तळ्यातल्या प्राण्यांचा. एकेक प्राणी वाचून दाखवायचा आणि त्याचं आसन पोरांकडून करून घ्यायचं. बेडूक, कासव, बगळा, मगर. आमच्या गावाला तळं होतं. पण या पोरांना कळायला लागल्यापासून त्यात पाणी नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी मी पुस्तक उघडून पोरांपुढं धरलं. दोन्ही पानं भरून निळंशार पाणी, काठावर एक बेडूक. खोली एकदम चिडीचूप. मला वाटलं, चित्र लई आवडलं.

मग मागून कुणीतरी मुसमुसायला लागलं. बाकीची पोरं एकमेकांकडं चोरून बघायला लागली. मला काही कळेना. त्या दिवसांत घरात तांब्या कलंडला तरी पोरांच्या पाठीत धपाटा बसायचा, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

पुढं बसलेल्या राणीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. "ताई," ती म्हणाली, "म्या न्हाई सांडलं."

*

बेडूक मात्र पोरांना जमला. मांड्या फाकवून बसायचं, हात जमिनीला टेकवायचे आणि मग उडी. आठवडाभर आमच्या खोलीत नुसता धिंगाणा.

एके दिवशी सकाळी बघते तर दारात सगळ्यांच्या आया उभ्या. एकही हसत नव्हती. पोरं उड्या मारून घरी येतात आणि घागरीला तोंड लावतात, अशी तक्रार होती. सकाळपासून टँकरच्या लाईनीत उभं राहून आणलेलं पाणी दुपारीच संपतं, संध्याकाळी भाकरीचं पीठ कशात मळायचं, असं त्या विचारत होत्या. बायका तिथून थेट आबांकडं गेल्या.

आबांनी मला ऑफिसात बोलावलं. आता बालवाडी बंद होणार आणि आपण घरी बसणार, असं धरूनच मी गेले. आबांनी पुस्तक मागवून घेतलं, चष्मा लावला आणि एकेक पान नीट बघितलं. मग पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं.

"बाई, हे उड्या मारणारं जनावर बंद करा. एका जागी बसणारं काय असलं तर शिकवा."

*

म्हणून कासव घेतलं. गुडघे पोटाखाली, कपाळ जमिनीला, हात आत. ताईनं हाक मारेपर्यंत कवचाबाहेर यायचं नाही. यात कुणाला तहान लागत नव्हती.

एकदा असंच आसन सुरू करणार, तोच कोपऱ्यातल्या रांजणाकडं माझं लक्ष गेलं. रांजण पाझरायचा, म्हणून कौसामावशीनं खाली परात ठेवलेली असायची. त्या परातीच्या कडेवर एक लांबलचक साप मान टेकून पाणी पीत होता. रांजणापासून पहिली रांग हातभर अंतरावर, आणि दार सापाच्याच बाजूला. पोरं दिसेल तिकडं पळाली तर एखाद्याचा पाय त्याच्यावर पडणार, हे मला समोर दिसत होतं.

ओरडून चालणार नव्हतं. मी हळूच म्हणाले, "चला, सगळे कासव व्हा." पोरं झाली. कौसामावशी भिंतीला चिकटून डोळे मिटून उभी. मी मनात एकसारखा बेलेश्वराचा धावा करत होते. साप सावकाश पाणी पीत राहिला. पिऊन झाल्यावर परातीवरून खाली उतरला आणि उंबरा ओलांडून गेला. ती बिनविषारी दिवड होती, हे नंतर गावातल्यांनी सांगितलं. त्या वेळी मला तो नागच वाटला होता.

मग मी हाक मारली. पोरं बाहेर आली. तोंडावरून दिसत होतं, की सगळ्यांनी काखेतून सगळं बघितलं होतं.

राणी परातीकडं बोट करून म्हणाली, "त्याला गिलास कावून न्हाई दिला?"

*

मगरीच्या वेळी मात्र अख्खा गाव गोळा झाला.

सकाळी संस्थेकडून पोरांना कपभर दूध मिळायचं. त्या दिवशी दूध पिऊन झालं आणि मी मकरासन घेतलं. पालथं पडायचं, हातपाय सैल सोडायचे, डोळे मिटायचे. मगर तासन् तास हलत नाही, हलली तर मासे पळून जातात, असं मी पोरांना बजावून ठेवलं होतं. मग खडू आणायला शेजारच्या खोलीत गेले.

तेवढ्यात एक म्हातारी नातवाला न्यायला आली. तिला काय दिसलं? सगळी पोरं पालथी, निपचित, आणि प्रत्येकाच्या उशाशी दुधाचा रिकामा कप. तिनं जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे. दुधातून विषबाधा झाली, असं ओरडत ती गावात पळाली.

बघता बघता माणसं जमली. कुणी बायका ऊर बडवत होत्या, कुणी जीप काढायला धावलं. आबा सगळ्यांच्या पुढं, तोंड पांढरंफटक. दूध त्यांच्या संस्थेचं, खोली त्यांची. मी दारात उभी राहून सांगत होते, की पोरांना काही झालेलं नाही. ऐकतंय कोण? आणि खरं सांगायचं तर माझाही विश्वास डळमळला होता. एवढ्या गोंगाटात एकही पोरगं डोळा उघडेना.

आबा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी जवळच्या पोराला हलवलं. पोरगं तसंच पडून राहिलं. बाहेर पुन्हा आक्रोश सुरू झाला. आबा त्याच्या तोंडाशी वाकले, तेव्हा ते डोळे न उघडता पुटपुटलं, "सरका की आबा, मासे जातील."

*

शेवटचा किस्सा मी मीटिंगमध्ये सांगत नाही.

आबांची नात छबू आमच्याच बालवाडीत होती, चार वर्षांची. एका सकाळी मी पुस्तकातून वाचून दाखवलं, की तळं आटलं की बेडूक चिखलात खोल जाऊन झोपतो आणि पाणी येईपर्यंत उठत नाही. छबूनं विचारलं, आपल्या तळ्यात पण का? मी म्हटलं, असतील की.

दुपारी कौसामावशी धावत माझ्या घरी आली. छबू सापडत नव्हती. जेवून अंगणात खेळत होती, आणि आता नव्हती.

गावानं आधी विहिरी बघितल्या. कोरड्या विहिरीत डोकावणं फार वाईट. तळ स्वच्छ दिसतो आणि तळाचा प्रत्येक दगड आधी लेकरासारखाच वाटतो. एका विहिरीत आबा स्वतः दोर धरून उतरले आणि रिकाम्या हातानं वर आले. तेव्हा मला छबूचा सकाळचा प्रश्न आठवला. मी तळ्याकडं पळत सुटले. माणसं माझ्या मागं.

तळ्याच्या कडेला भेगा पडल्या होत्या, पण मधोमध वरून वाळलेला, आतून ओला गाळ होता. मागच्याच महिन्यात त्यात म्हैस रुतून मेली होती. त्या गाळाच्या अलीकडे, अगदी जवळ, छबू पालथी पडलेली. एका भेगेला कान लावून.

आबांनी ओरडायला तोंड उघडलं. छबूनं मान वर केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, आबा. खाली झोपलेत ते."

आबा थांबले. त्यांच्या जोड्यांना लोखंडी नाल होती, चालताना खणखणायची. त्यांनी वाकून जोडे काढले, हातात घेतले आणि त्या तापलेल्या मातीवरून अनवाणी, पाऊल न वाजवता, तिच्याकडं चालत गेले. तिला कडेवर घेऊन तसेच परत आले. मग एकेकानं आपापल्या चपला काढल्या.