क्लचमधली बुचं

भुताखेतावर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. शाळा दुसरीपर्यंत, पण इंजिन कसं चालतं ते मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर ही गोष्ट गळ्यात अडकून राहिलीय...

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं घर मोशीत, नाशिक रस्त्याला लागून. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी मोटारसायकल होती, साईडकारवाली. तिचा क्लच घसरत होता. त्या काळी क्लचच्या चकत्यांना भोकं असत आणि त्यात बुचाचे तुकडे ठोकलेले — पकड काय ती त्यांचीच. ते झिजले की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी हलत नाही. नवे तुकडे मिळेनात, म्हणून मी जुने उपटून काढले, औषधाच्या बाटल्यांची बुचं कापली आणि फुगायला वाटीत पाण्यात टाकली.

बायको पारू, दिवस भरलेली. थोरला भाऊ सकाळीच म्हणाला होता, बैलगाडी जुंपतो, पुण्याला दवाखान्यात नेऊन ठेवू. मी म्हणालो, दुपारपर्यंत माझी गाडी तयार होते, माझी बायको बैलांच्या मागं जायची नाही. दादा चिडला आणि बैलगाडी घेऊन चाकणच्या बाजाराला निघून गेला.

अकराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. सुईण बाहेर आली.

"मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे. उचला तिला."

चकत्या अंगणात मोकळ्या पडलेल्या. माझे हात चालत होते, डोकं चालत नव्हतं. चकत्या बसवल्या, स्प्रिंगा आवळल्या, झाकण लावलं, किक मारली. पारूला साईडकारमध्ये निजवलं, सुईण माझ्या मागं बसली.

गाडी अशी उचलली की मीच चाट पडलो. चढाला नाही, वळणाला नाही, कुठंच घसरली नाही. वाटेत पारू ओरडायची थांबली... मी तिच्याकडे बघितलंच नाही. मूठ पिळत राहिलो. दहा-बारा मैल.

दुसऱ्या दिवशी दादा सायकलवर पारूचे कपडे घेऊन दवाखान्यात आला. सोबत रुमालात ओली पुरचुंडी.

"सदा, ही बुचं वाटीतच ऱ्हायली तुझी. लागत्यात का न्हाई?"

उरलेली असतील म्हणालो. मोजली. सगळीच्या सगळी होती.

दवाखान्याच्या आवारात झाकण खोललं. भोकं रिकामी, आरपार दिसत होतं. झाकण लावून इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, क्लच सोडला — वीतभर हलली नाही. एरवी गाडीला भंगार म्हणणाऱ्या दादानं पुरचुंडी पुन्हा बांधून माझ्या हातात ठेवली. पुढं लष्करातल्या जुन्या मिस्त्रीला विचारलं, तर म्हणाला, "लोखंडावर लोखंड शंभर पावलं जाईल राव. मैल नाही."

पारू वाचली. मुलगी नाही वाचली. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं.

लोक म्हणतात देवानं ओढली. मी भांडतो. ओढायचीच होती तर पोर का सोडली त्यानं? एकदा पारूसमोरच असा तावातावानं बोलत होतो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणणाऱ्यानं आणली वो. उशीर त्याचा न्हाई."

मी तिच्यापुढचं सूप ओढलं आणि खडे वेचायला बसलो. गाडी कशी चालली, ते आजवर मला सांगता येत नाही.